चौतीस शतकांच्या बाहेरची खेळी

सुनील गावसकरच्या नावावर कसोटीत ३४ शतकं आहेत. त्याची सर्वांत थोर खेळी या ३४ मध्ये नाही, असं माझं मत आहे आणि ते मी इथे नेटानं मांडणार आहे. ती खेळी ९६ धावांची. १७ मार्च १९८७ ला बंगलोरच्या चिन्नास्वामी मैदानावर, पाकिस्तानविरुद्धच्या पाचव्या कसोटीच्या चौथ्या डावात ती संपली. भारत तो सामना १६ धावांनी हरला, त्याबरोबर मालिकाही हरला. पाकिस्ताननं भारतात मालिका जिंकण्याची ती पहिलीच वेळ. गावसकरची ती शेवटची कसोटी खेळी, आणि तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता.

शंभराला चार कमी, वर पराभव. खेळीचं मोल ठरवायची आपली जी दोन सोयीची मापं आहेत, त्या दोन्हींत ती कमी भरते. म्हणूनच हा वाद घालण्यासारखा आहे.

आधी सामना काय होता ते पाहू. मालिकेतल्या आधीच्या चारही कसोटी अनिर्णित राहिल्या होत्या. अहमदाबादला गावसकरनं दहा हजार धावांचा टप्पा ओलांडला. तिथवर पोचलेला तो पहिलाच फलंदाज. त्यानंतर बंगलोरला जी खेळपट्टी मिळाली ती पहिल्या दिवसापासून फुटत होती. पाकिस्तानचा पहिला डाव ११६ धावांत आटोपला. मणिंदर सिंगनं २७ धावांत ७ बळी घेतले. भारतानं उत्तर दिलं ते जेमतेम १४५ धावांचं. त्यात दिलीप वेंगसरकरच्या ५०. डावखुरा इक्बाल कासिम आणि ऑफस्पिनर तौसिफ अहमद यांनी पाच-पाच गडी वाटून घेतले. अब्दुल कादिरसारख्या नामांकित लेगस्पिनरला बाहेर बसवून कासिमला घ्यायचा कर्णधार इम्रान खानचा निर्णय तिथेच फळाला आला. अशा खेळपट्टीवर चेंडू फार वळवायच्या मागे लागू नका, टप्पा सांभाळा, बाकीचं खेळपट्टी पाहून घेईल, असा सल्ला खुद्द भारताच्या बिशनसिंग बेदीनं पाकिस्तानच्या फिरकी गोलंदाजांना दिला होता, ही गोष्ट क्रिकेटच्या गप्पांत आजही निघते. ती इथे सांगण्याचं कारण आहे. बेदीला जे कळलं होतं त्यातच गावसकरच्या खेळीचं मर्म आहे, त्याकडे पुढे येतो.

दुसऱ्या डावात पाकिस्तानचे आठ गडी दोनशेच्या आतच बाद झाले होते. मग यष्टिरक्षक सलीम युसुफ आणि तौसिफ अहमद यांनी नवव्या गड्यासाठी ५१ धावा जोडल्या. पाकिस्तान २४९. भारताला विजयासाठी २२१ हव्या होत्या. वसिम अक्रमनं श्रीकांत आणि मोहिंदर अमरनाथ यांना लागोपाठच्या चेंडूंवर परत पाठवलं. तिसऱ्या दिवसअखेर ४ बाद ९९, मग एक सुट्टीचा दिवस, आणि मग तो शेवटचा दिवस. गावसकर आठवा गडी म्हणून बाद झाला तेव्हा धावफलकावर १८० होत्या. २६४ चेंडू, पाच तासांहून अधिक वेळ. त्याच्याखालोखाल धावा होत्या अझरुद्दीनच्या, २६. रॉजर बिन्नी आणि मणिंदरनं शेवटी खिंड लढवायचा प्रयत्न केला, पण डाव २०४ वर संपला.

आता पहिला आक्षेप. ज्या खेळीनं सामना जिंकून दिला नाही, ती सर्वश्रेष्ठ कशी? मोठा फलंदाज तोच, जो काम तडीस नेतो. सचिन तेंडुलकरच्या चेन्नईच्या १३६ धावांबद्दल लोक हेच बोलतात. १९९९ च्या त्या सामन्यातही पाकिस्तानच, लक्ष्य २७१ चं, आणि पाठदुखीनं वाकलेला सचिन सकलैन मुश्ताकला उचलून मारताना बाद झाला, तेव्हा हव्या होत्या फक्त १७ धावा. उरलेले गडी चार धावांत गेले, भारत १२ धावांनी हरला, आणि महाराष्ट्रात घराघरांत एकच प्रश्न विचारला गेला: त्यानं थोडा वेळ का काढला नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी दुसरा प्रश्न विचारतो. २००१ मध्ये कोलकात्याला व्ही. व्ही. एस. लक्ष्मणनं २८१ धावा काढल्या, द्रविडबरोबर ३७६ ची भागी केली, आणि भारतानं फॉलोऑननंतर ऑस्ट्रेलियाला हरवलं. पण तो सामना शेवटच्या दिवशी जिंकला हरभजन सिंगनं ६ गडी घेतले म्हणून आणि सचिननं ३ घेतले म्हणून. समजा त्या दुपारी ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांनी तग धरला असता आणि सामना अनिर्णित राहिला असता. लक्ष्मणनं शेन वॉर्नला लेगस्टंपच्या बाहेरच्या खड्ड्यातून काढून मिडविकेटला आणि पुढच्याच चेंडूला कव्हरमधून मारलं, ती करामत कमी झाली असती का? त्याची बॅट एकदा खाली ठेवली गेल्यानंतर जे झालं ते त्याच्या खेळीत मागच्या दारानं कसं शिरणार? तोच न्याय उलटा लावा. बिन्नी आणि मणिंदरनं आणखी १७ धावा काढल्या असत्या, किंवा आदल्या डावात सलीम युसुफ आणि तौसिफची जोडी वेळेत फुटली असती, तर गावसकरच्या ९६ ना आज आपण अजरामर म्हटलं असतं. त्यातला एकही चेंडू वेगळा खेळला गेला नसता.

इथे एक सावधगिरी घ्यायला हवी, कारण आपल्या मराठी मनाला पराभवाचं एक विशेष प्रेम आहे. पानिपत आपण विजयासारखं मिरवतो. महाभारतात अर्जुनापेक्षा कर्ण आपल्याला जवळचा वाटतो. त्यामुळे कुणी म्हणेल की, गावसकरच्या या खेळीवरची आपली माया तीच आहे, एकाकी झुंज आणि विझत गेलेला दिवस पाहून येणारा गहिवर. तो गहिवर मला मान्य नाही. पराभवानं ९६ धावांना काही झळाळी येते असं मी म्हणत नाही. पराभवानं त्यातून काही वजा होत नाही, एवढंच म्हणतो. या दोन विधानांत फार अंतर आहे. त्या दिवशी भारत जिंकायला हवा होता. मालिका जायला नको होती. कुठल्याही हळहळीला मी त्या विजयाच्या बदल्यात स्वीकारणार नाही.

मग मोजायचं कशानं? टक्केवारीनं मोजतात. २०४ पैकी ९६ म्हणजे ४७ टक्के. हे मापही मला अपुरं वाटतं. १८७७ च्या अगदी पहिल्या कसोटीत चार्ल्स बॅनरमननं २४५ पैकी १६५ धावा काढल्या होत्या, म्हणजे टक्केवारीत तो कितीतरी पुढे. बाकीचे किती वाईट खेळले हेच टक्केवारी जास्त सांगते. बंगलोरला बाकीचे वाईट खेळले असं म्हणणं अन्यायाचं होईल. वेंगसरकर त्या काळात जगातला पहिल्या फळीतला फलंदाज होता. अझरुद्दीनची मनगटं फिरकी खेळण्यासाठीच घडलेली. कपिल देव, शास्त्री, अमरनाथ. ही माणसं अडली ती खेळपट्टीनं. चेंडू एका टप्प्यावरून कधी गुडघ्याला येत होता, कधी छातीला, कधी बॅटखालून सरपटत होता. भारताच्या त्या डावात अवांतर धावाच पंचविसाच्या वर गेल्या, त्याही बहुतेक बाईज. यष्टींमागे उभा राहून चेंडू पाहणाऱ्या, हातात मोजे घातलेल्या माणसालाही तो सापडत नव्हता, मग बॅटवाल्याची काय कथा.

अशा ठिकाणी मोजायची ती एकच गोष्ट: फलंदाजानं दर चेंडूला कोणता निर्णय घेतला, आणि त्या निर्णयात किती ज्ञान होतं. इथे मी बेदीच्या सल्ल्याकडे परत येतो.

फुटलेल्या खेळपट्टीवर हातभर वळलेला चेंडू फलंदाजाला बहुधा बाद करत नाही. तो बॅटच्या कडेला वळसा घालून निघून जातो. बाद करतो तो थोडाच वळणारा किंवा सरळ राहणारा. नव्याण्णव टक्के फलंदाज हातभर वळलेला चेंडू पाहून घाबरतात आणि पुढच्या चेंडूला वळणाच्या मागे बॅट नेतात. तो चेंडू वळत नाही, आणि पायचीत किंवा त्रिफळा. किंवा कमी वळतो, आणि कड घेऊन स्लिपमध्ये. गोलंदाजानं फक्त टप्पा पाळायचा, चूक फलंदाज करणार. बेदीनं सांगितलं ते हेच. आणि गावसकरनं पाच तास जे केलं ते याचं नेमकं उत्तर होतं. तो सरळ चेंडूसाठी खेळला. बॅट यष्टींच्या रेषेत, पॅडला चिकटून. चेंडू वळला तर वळू दे, चुकला तर चुकू दे. तिथे बॅट नेऊन त्याचा पाठलाग नाही. चेंडू अगदी नाकाखाली येईपर्यंत थांबणं, आणि बॅटीवरची पकड इतकी सैल, की सिली पॉइंट आणि शॉर्टलेगला हात पसरून बसलेल्यांच्या आधीच चेंडू मरून पडावा. चुकलेल्या चेंडूनंतर चेहऱ्यावर काही नाही. स्टान्स पुन्हा नव्यानं.

चुकणं मान्य करणं ही त्या खेळीतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट आहे. गावसकरसारख्या माणसाला, ज्याचं सगळं नाव बिनचूक तंत्रावर उभं, त्याला हजारो लोकांपुढे वारंवार चकणं सोपं नव्हतं. पण चकण्याची लाज सोडल्याशिवाय त्या खेळपट्टीवर टिकता येत नव्हतं. बाकीच्यांनी ती लाज वाटून चेंडूमागे बॅट नेली. आणि नुसतं टिकून उपयोग नव्हता. लक्ष्य समोर होतं, आणि एकेरी-दुहेरी धावा जमवत, आखूड चेंडू मिळाला की कट, पुढे पडला की ड्राइव्ह, असं करत तो शतकाच्या दारापर्यंत आला. मग कासिमचा एक चेंडू टप्पा घेऊन एकदम उसळला आणि स्लिपमध्ये रिझवान-उझ-झमानच्या हातात गेला. पाच तासांच्या खेळीत गावसकरकडून चूक झाली असं मी त्या चेंडूबद्दल म्हणणार नाही. जो चेंडू कुणालाच खेळता आला नसता तो त्याला पाच तासांनी आला.

हे ज्ञान आलं कुठून? आपल्याकडे गावसकरचं गुणगान होतं ते वेगवान गोलंदाजांसाठी. हेल्मेटशिवाय रॉबर्ट्स, होल्डिंग, मार्शल, लिली, इम्रान. ते खरंच आहे, पण त्यामुळे तो फिरकी कसा खेळायचा यावर आपण फार कमी बोललो. तो दादर युनियनचा खेळाडू. वासू परांजपे कर्णधार असलेला, शिस्तीसाठी मुंबईभर ओळखला जाणारा क्लब. मामा माधव मंत्री, स्वतः कसोटी खेळलेले. भाच्यानं लहानपणी भारताचा स्वेटर मागितला, तर तो कमवायचा असतो म्हणून त्यांनी द्यायला नकार दिला. आणि मुंबईची कांगा लीग. डॉ. होरमसजी कांगांच्या नावानं १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी ही स्पर्धा. ओली, न झाकलेली खेळपट्टी, गवत वाढलेलं मैदान, चौकार मारला तरी चेंडू मधेच अडकणार. तिथे चेंडू थांबून येतो, उसळतो, घसरतो. समोर पद्माकर शिवलकरसारखा डावखुरा, ज्याला एकही कसोटी मिळाली नाही पण जो जगातल्या कुठल्याही संघाला गुंडाळू शकला असता. गावसकरनं आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात शिवलकर आणि राजिंदर गोयल यांना मानाचं पान दिलं, ते उपचार म्हणून नव्हे. ज्या फलंदाजानं भर जुलैत शिवलकरला खेळून वीस धावा काढल्या, त्याला कासिम हा नवा प्रश्न नव्हता.

आणि खुद्द बंगलोरचं मैदानही नवं नव्हतं. १९८२ च्या रणजी उपांत्य सामन्यात याच चिन्नास्वामीवर मुंबईची कर्नाटकशी गाठ पडली होती. डावखुऱ्या रघुराम भटनं मुंबईची फलंदाजी कापून काढली. तेव्हा गावसकर खाली उशिरा उतरला आणि भटसमोर चक्क डाव्या हातानं फलंदाजीला उभा राहिला; दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला पुन्हा उजव्या हातानं. लोकांना तो कर्नाटकच्या गोलंदाजांचा अपमान वाटला, काहींना खोडसाळपणा. मला त्यात शुद्ध विचार दिसतो. डावखुऱ्या फिरकीचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो. उलटं उभं राहिलं की तोच आत येतो, आणि पॅडनं खेळता येतो. पराभव टाळायला धावा नकोत, वेळ हवा. पाच वर्षांनी त्याच मैदानावर, तशाच खेळपट्टीवर, डावखुराच समोर असताना धावा हव्या होत्या, तेव्हा त्यानं उजव्या हातानंच उत्तर शोधलं. एकाच प्रश्नाची दोन वेगवेगळ्या गरजांसाठी दोन उत्तरं देणारा फलंदाज मला दुसरा माहीत नाही.

दुसऱ्या खेळींचा दावा मोठा आहे हे खरंच. ओव्हलच्या २२१, १९७९ सालच्या, बहुतेक जण याच पुढे करतात. लक्ष्य ४३८ चं, भारत ८ बाद ४२९ वर थांबला, नऊ धावा कमी पडल्या. खेळी विलक्षण होती, आठ तासांची, आणि तिच्यामुळे कसोटीच्या इतिहासातला सर्वांत मोठा पाठलाग पुरा व्हायच्या बेतात आला. पण खेळपट्टी फलंदाजीला चांगली होती, चेतन चौहाननं ८० काढल्या, सलामीची भागीच २१३ ची. १९७१ च्या पोर्ट ऑफ स्पेनमधल्या १२४ आणि २२०, दाढदुखी सोसून काढलेल्या. पण वेस्ट इंडिजचा तेव्हाचा मारा पुढच्या दशकातल्या माऱ्याच्या जवळपासही नव्हता. दिल्लीला १९८३ मध्ये मार्शलला हुक करत काढलेलं एकोणतिसावं शतक अंगावर रोमांच आणतं. माझ्या हिशेबात ९६ च्या सर्वांत जवळ येते ती १९७४ ची मँचेस्टरची १०१, थंडीवाऱ्यात, ओल्या खेळपट्टीवर, विलिस, ओल्ड, हेंड्रिक आणि अंडरवुडसमोर. तीही पराभवातली, आणि तिथे तो धावचीत झाला. पण मँचेस्टरला गावसकर पंचविशीतला होता, डोळे आणि पाय त्याच्या हुकमात. बंगलोरला सदतिसाव्या वर्षी हाताशी उरला होता तो मुख्यतः विचार. म्हणून मी ९६ ला वर ठेवतो.

हा वाद जुन्या आठवणींपुरता राहिला असता तर मी इतकं लिहिलं नसतं. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात न्यूझीलंडनं भारताला भारतात ३-० असं हरवलं. पुण्याला मिचेल सँटनरनं तेरा बळी घेतले. वानखेडेवर, गावसकरच्याच शहरात, मुंबईत जन्मलेल्या एजाझ पटेलनं अकरा. लक्ष्य अवघं १४७ चं होतं आणि भारत १२१ वर संपला. २९ धावांत पाच गडी गेले होते. पहिल्या फळीतले काही फलंदाज नेमके तसेच बाद होत होते, वळलेला चेंडू पाहून पुढच्या सरळ चेंडूला चकणारे. पाटा खेळपट्ट्यांवर आणि टी-ट्वेंटीत वाढलेल्या पिढीला दोष देऊन हा विषय मिटत नाही. वळणारा चेंडू बॅटजवळून जाऊ देण्याची सवय लागावी अशी जागा त्या पिढीला कुणी दिली, हे विचारायला हवं. मुंबईच्या क्रिकेटनं ती जागा एकेकाळी दर पावसाळ्यात फुकट दिली होती.

त्या वानखेडेच्या डावात ऋषभ पंतनं ५७ चेंडूंत ६४ काढल्या. पुढे येऊन, स्वीप करून, उचलून मारून. तोही हरलेल्या सामन्यात, पंचवीस धावांनी. त्याच्यावरही लोकांनी तेच म्हटलं, की काम तडीस गेलं नाही. मी ज्या न्यायानं गावसकरला मोजतो त्याच न्यायानं पंतलाही मोजतो आणि त्या ६४ ला थोर खेळी म्हणतो. गोलंदाजाला त्याचा टप्पाच पाळू न देणं हेही बेदीच्या सल्ल्याला एक खरं उत्तर आहे. तरीही दोन्ही उत्तरं समोर ठेवली तर मी गावसकरच्याच बाजूला राहीन. पंतचं उत्तर गोलंदाजाच्या टप्प्याला बिघडवायला पाहतं, आणि त्यात नशिबाचा वाटा प्रत्येक फटक्यागणिक वाढत जातो. गावसकरनं टप्पा बिघडवायचा प्रयत्नच केला नाही. कासिम आणि तौसिफनं त्यांची सर्वांत चांगली गोलंदाजी केली, खेळपट्टीनं त्यांना सगळी मदत केली, आणि तरी २६४ चेंडू त्यांना एका माणसाचं उत्तर सापडलं नाही.